‘मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी’: एका आकड्याची उलटतपासणी

डिसेंबर २०११मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं एक छोटं पत्रक काढलं. विषय होता टेलिहेल्थ. म्हणजे असं की दीर्घ आजार असलेल्या माणसानं घरीच रक्तदाब, साखर, वजन मोजायचं, ते आकडे यंत्रामार्फत दूर बसलेल्या नर्सकडे जायचे आणि काही बिघडतंय असं वाटलं की तिकडून फोन यायचा. ही सेवा नीट वापरली तर तातडीनं रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी घटतं, अपघात विभागातल्या फेऱ्या १५ टक्क्यांनी घटतात आणि मृत्यूचं प्रमाण तर ४५ टक्क्यांनी घटतं, असं त्या पत्रकात होतं.

एवढं वाचल्यावर कोण थांबणार? पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्याच महिन्यात आपल्या भाषणात या प्रयोगाला मोठं यश म्हटलं आणि सेवा देशभर नेण्याचा बेत सांगितला. पाठोपाठ ‘३ मिलियन लाइव्ह्ज’ नावाची मोहीम आली. ३० लाख लोकांना या सेवेचा फायदा होईल, असा हिशेब त्यामागे होता. गंमत अशी की ज्या संशोधनावर हे सगळं उभं होतं, त्याचा या निष्कर्षांवरचा निबंध तोवर छापूनच आला नव्हता. तो ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात जून २०१२मध्ये आला. आधी गुलाल उधळला, निकालपत्र नंतर लागलं.

डिजिटल आरोग्य आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी या विषयांवरचं संशोधन साध्या भाषेत मांडणं हे माझं काम. संशोधकाचा निबंध एका हातात आणि वाचक समोर, अशी ही मधली जागा. वाचक म्हणजे कधी पत्रकार, कधी सरकारी अधिकारी, कधी आईवडिलांसाठी घड्याळ घ्यावं का या विचारात पडलेली मुलगी. कामाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की अवघड शब्द काढून सोपे घातले की झालं. वर दिलेल्या पत्रकात एकही अवघड शब्द नव्हता. तरीही वाचणाऱ्याला त्यातून जे समजलं, ते संशोधनात जे होतं त्यापेक्षा बरंच वेगळं होतं. हे कसं होतं, ते याच एका प्रयोगाच्या आधारे बघू.

प्रयोग खरंच मोठा होता. त्याचं नाव ‘होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर’. इंग्लंडमधले तीन भाग निवडले होते: कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधलं न्यूहॅम. मे २००८ ते नोव्हेंबर २००९ या काळात मधुमेह, हृदय निकामी होत जाणं किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेले ३,२३० रुग्ण टेलिहेल्थच्या अभ्यासात घेतले. त्यांचं सरासरी वय सत्तरच्या आसपास होतं. कोणत्या दवाखान्याच्या रुग्णांना यंत्र द्यायचं आणि कोणत्या दवाखान्याच्या रुग्णांना फक्त नेहमीचे उपचार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं योगायोगावर सोडलं होतं. प्रयोगाची आखणी काटेकोर होती, त्यामुळे मला संशोधकांबद्दल तक्रार नाही.

आता ४५ टक्के. वर्षभरात यंत्र नसलेल्यांपैकी ८.३ टक्के रुग्ण दगावले, यंत्र असलेल्यांपैकी ४.६ टक्के. फरक ३.७ टक्क्यांचा. हा ३.७ त्या मूळच्या ८.३च्या तुलनेत मोजला की ४५ टक्के येतात. गणितात काहीही चूक नाही. पण ‘मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी’ असं वाचणाऱ्याच्या मनात १००पैकी ४५ जण वाचल्याचं चित्र उभं राहतं, आणि प्रत्यक्षात १००पैकी साधारण ४ जणांचा फरक होता. दुकानावरच्या ‘५० टक्के सूट’ या पाटीसारखंच हे: सूट खरी असते, पण मूळ किंमत विचारल्याशिवाय खिशात किती राहणार ते कळत नाही.

१००पैकी ४ जण वर्षभरात वाचणं ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. ती तशीच सांगितली असती तरी लोकांनी कान टवकारलेच असते. म्हणून आमच्या कामातला माझा पहिला हट्ट हा असतो की टक्का एकटा सोडायचा नाही. ‘१,०००पैकी ८३ ऐवजी ४६’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात आणि मोठं-छोटं काय ते त्याचं तो ठरवतो.

पण खरी मेख पुढे आहे. या अभ्यासानं सुरुवातीलाच जो मुख्य प्रश्न ठरवला होता, तो मृत्यूंचा नव्हताच. वर्षभरात किती रुग्णांना रुग्णालयात भरती व्हावं लागतं, हा मुख्य प्रश्न होता. त्याचं उत्तर असं आलं: यंत्र नसलेल्यांपैकी ४८.२ टक्के, यंत्र असलेल्यांपैकी ४२.९ टक्के. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. मृत्यू हा जोडीनं मोजलेला दुय्यम मुद्दा होता.

मुख्य प्रश्न आधी ठरवून नोंदवायचा, हा नियम उगाच नाही. एका अभ्यासात दहा-वीस गोष्टी मोजल्या तर त्यातली एखादी नुसत्या योगायोगानंही झकास दिसू शकते. मग तीच उचलून मथळ्यात टाकायचा मोह होतो. आपल्याकडेही औषधांच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवाव्या लागतात. २००९पासून ते सक्तीचं आहे, आणि ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. बातमीतला दावा आणि तिथे नोंदवलेला मुख्य प्रश्न एकच आहे का, एवढं ताडून पाहायला दहा मिनिटं लागतात. पत्रकार मित्रांना मी हे सांगते तेव्हा बरेच जण पहिल्यांदाच ऐकत असतात.

आणखी एक गोष्ट निबंधात स्पष्ट लिहिलेली होती, ती पत्रकात कुठेच नव्हती. अभ्यास सुरू झाल्या झाल्या यंत्र *नसलेल्या* गटात तातडीच्या भरतीचं प्रमाण काही काळ वाढलं होतं. दोन गटांमधला जो फरक दिसला, त्याचा बराचसा संबंध या वाढीशी होता. म्हणजे यंत्रवाल्यांची तब्येत सुधारली म्हणून फरक पडला की दुसऱ्या गटाचं काही काळ बिनसलं म्हणून, हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. संशोधकांनी त्याची काही संभाव्य कारणं मांडली आणि आकडे जपून वाचा असं सुचवलं. रुग्णालयाच्या खर्चात माणशी १८८ पौंडांचा फरक दिसला, तोही योगायोगाच्या कक्षेबाहेरचा म्हणता येईल इतका पक्का नव्हता, आणि त्यात यंत्रसेवेचा स्वतःचा खर्च धरलेलाच नव्हता.

तो खर्च धरल्यावर काय झालं, ते मार्च २०१३मध्ये कळलं. इथे एक कल्पना समजून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये नव्या उपचाराचा हिशेब मांडताना विचारतात, की पूर्ण निरोगी आयुष्याचं एक वर्ष मिळवायला या उपचारावर किती पैसे पडतील? अंथरुणाला खिळून काढलेलं वर्ष पूर्ण वर्ष धरत नाहीत, त्याचा काही हिस्साच धरतात. असं एक वर्ष २० ते ३० हजार पौंडांत मिळत असेल तर ‘नाइस’ ही तिथली सल्लागार संस्था त्या काळी सहसा उपचाराला हिरवा कंदील दाखवत असे. टेलिहेल्थच्या बाबतीत हा आकडा निघाला ९२ हजार पौंड. त्याच सुमाराला दुसरा निबंध आला. त्यात म्हटलं होतं की रुग्णांच्या जगण्याचा दर्जा, त्यांची चिंता, त्यांचं नैराश्य यांपैकी कशातही १२ महिन्यांनी फरक दिसला नाही. आणि घरात पडणं, गॅस चालू राहणं यावर लक्ष ठेवणारी जी ‘टेलिकेअर’ यंत्रणा होती, तिचा २,६०० जणांवरचा वेगळा अभ्यास २०१३मध्येच आला. तिच्यामुळेही रुग्णालयाच्या किंवा घरपोच मदतीच्या वापरात लक्षणीय घट झाली नव्हती.

मग ‘टेलिहेल्थ फसलं’ असा मथळा द्यायचा का? काहींनी दिलाही. तोही तितकाच अर्धवट. त्याच खर्चाच्या निबंधात संशोधकांनी एक गणित मांडलं होतं: यंत्रांच्या किमती ८० टक्क्यांनी उतरल्या आणि सेवा पूर्ण क्षमतेनं चालली, तर ९२ हजारांचा आकडा १२ हजारांच्या आसपास येतो. २०१३मध्ये हे स्वप्नरंजन वाटलं असेल. आज केमिस्टच्या दुकानात रक्तदाबाचं यंत्र कितीला मिळतं ते बघा, आणि सगळ्यांच्या खिशात फोन आहेच. म्हणजे तो अभ्यास ‘त्या वेळच्या यंत्रांवर, त्या वेळच्या किमतींत’ केलेला होता. तारीख आणि किंमत वगळून निष्कर्ष सांगणं हेही एक प्रकारे चुकीचंच सांगणं.

ब्रिटनमध्ये त्या पत्रकावर टीकाही झाली. आरोग्यसेवेच्या अभ्यासक ट्रिशा ग्रीनहाल्ग यांनी ‘बीएमजे’मध्येच लिहून प्रश्न विचारले, की तज्ज्ञांनी तपासण्याआधीच निष्कर्ष राजकीय सोयीसाठी वापरले जातात तेव्हा संशोधनाची नीतिमत्ता कुठे राहते? ‘३ मिलियन लाइव्ह्ज’ हे नाव दोनेक वर्षांत मागे पडलं. ४५ टक्क्यांचा आकडा मात्र कंपन्यांच्या सादरीकरणांत नंतरही कितीतरी काळ भेटत राहिला.

अशा वेळी सगळं खापर पत्रकारांवर फोडायची रीत आहे. मला ते पटत नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ निबंधांशी ताडून पाहिली. ४० टक्के पत्रकांमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा चढवून लिहिलेला होता. जिथे पत्रकानंच चढवून लिहिलं, तिथल्या ५८ टक्के बातम्यांनीही ते चढवलं, आणि जिथे पत्रक सरळ होतं तिथे फक्त १७ टक्के. म्हणजे पाणी उगमालाच गढूळ होतं, आणि उगम म्हणजे अशी पत्रकं लिहिणारी आमचीच कचेरी.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न कायम विचारावा लागतो: अभ्यास नेमका कुणावर झाला? हृदयाचे अनियमित ठोके ओळखणाऱ्या घड्याळाचं उदाहरण घ्या. ॲपलच्या पैशावर स्टॅनफर्ड विद्यापीठानं केलेला अभ्यास नोव्हेंबर २०१९मध्ये छापून आला. त्यात ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते. एवढा मोठा आकडा ऐकून वाचक गारच होतो. पण त्यांचं सरासरी वय होतं ४१. ज्या वयात हा आजार खरोखर गाठतो, त्या ६५च्या पुढचे लोक फक्त ६ टक्क्यांच्या आसपास होते, आणि तेही कोण, तर स्वतःचा आयफोन आणि घड्याळ वापरणारे. घड्याळानं ‘ठोके अनियमित’ असा इशारा दिला २,१६१ जणांना. त्यांतल्या ४५० जणांनी पुढच्या तपासणीची छातीवर लावायची पट्टी वापरून परत पाठवली, आणि त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये त्या पट्टीनं आजार पकडला. आता यावरून ‘तीनपैकी दोन इशारे खोटे’ असंही म्हणायची सोय नाही, कारण हा आजार येतो-जातो आणि पट्टी लागेपर्यंत मध्ये दोनेक आठवडे गेलेले असत. इशारा आणि पट्टीची नोंद एकाच वेळी मिळाली तेव्हा ८४ टक्के वेळा घड्याळ बरोबर निघालं. एकाच अभ्यासातून ३४चा मथळाही निघतो आणि ८४चाही. जाहिरात लिहिणारा कोणता घेईल, सांगायला नको.

पडण्याचा इशारा देणारी यंत्रं हा त्याहून रोजचा विषय. ‘९५ टक्के अचूक’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. समजा एखाद्या आजी वर्षातून तीनदा पडतात आणि यंत्र तिन्ही वेळा बरोबर वाजतं. छान. पण त्या खुर्चीत धपकन बसल्या, पट्टा काढून टेबलावर टाकला, नातवाला टाळी दिली, अशा कारणांनी ते पंधरवड्यातून एकदा उगाच वाजतं, असंही समजा. पंधरवड्यातून एकदा म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? वर्षाचे २६ झाले. म्हणजे एकूण २९ वेळा वाजलं, त्यांतले २६ इशारे खोटे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या यंत्राचे नाहीत. पण अमेरिकेतल्या मुलाला रात्री-अपरात्री असे दहा खोटे इशारे आले की अकराव्या वेळी तो फोन उलथा ठेवून झोपतो. आणि अकरावा खरा असू शकतो. म्हणून यंत्राबद्दल लिहिताना ‘किती पडणं पकडतं’ याच्या जोडीला ‘आठवड्यातून किती वेळा उगाच वाजतं’ हे मी विचारतेच. कंपनीकडे पहिल्याचं उत्तर तयार असतं, दुसऱ्याला ‘कळवतो’ म्हणतात.

पुन्हा इंग्लंडच्या प्रयोगाकडे. त्यात भाग घ्यायला नकार दिलेल्या किंवा मधूनच बाहेर पडलेल्या २२ जणांशी काही संशोधक सविस्तर बोलले होते. सगळ्या प्रयोगातला मला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, आणि बातम्यांत तो जवळपास आलाच नाही. यंत्र हाताळता येणार नाही ही भीती त्यांना होतीच, पण तेवढंच नव्हतं. यंत्र घरात आलं म्हणजे आपण परावलंबी झालो, असं त्यांना वाटत होतं. आपली तब्येत आपण सांभाळतोय, मग हे कशाला, असंही होतं. आणि नेहमीची नर्स, नेहमीचा दवाखाना सुटेल की काय, ही धास्ती होती.

असंच काहीसं मी एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत ऐकलं. दूरवरून रक्तदाब बघण्याच्या सेवेची माहिती देणारं दोन पानी पत्रक आम्ही लिहिलं होतं, ते छापण्याआधी वाचून दाखवायला गेले होते. मी वाचलं की ऐकणाऱ्यांनी आपल्या शब्दांत परत सांगायचं, अशी आमची पद्धत. समजलं का असं विचारलं की सगळेच मान डोलावतात, परत सांगायला लावलं की खरं काय ते बाहेर येतं. एक काका म्हणाले, “म्हणजे आता डॉक्टर चोवीस तास माझ्याकडे बघत बसणार.” आमच्या पत्रकात तसं कुठेच नव्हतं, पण ‘सतत देखरेख’ हे शब्द होते. शेजारच्या आजींनी विचारलं, “अहो ताई, प्रेशर रात्री वाढलं तर कोण बघणार मग?” खरं उत्तर होतं: सकाळी दहापर्यंत कुणीही नाही. तेच वाक्य आम्ही पहिल्या परिच्छेदात घातलं, त्याच्या खाली त्रास वाढला तर १०८ला फोन करा हे ठळक अक्षरांत घातलं आणि ‘सतत’ काढून टाकलं. सेवा देणाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. तिसरा प्रश्न होता यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीला कोण येणार हा, आणि त्याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

आपल्याकडच्या सरकारी आकड्यांनाही हीच चाळणी लावता येते. ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेनं फेब्रुवारी २०२३मध्ये १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आरोग्य उपकेंद्रात बसून, तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीनं मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलायची सोय हा त्यातला म्हाताऱ्या माणसांच्या कामाचा भाग, कारण त्यात स्वतः फोन चालवावा लागत नाही. पण १० कोटी सल्ले म्हणजे सेवा किती *वापरली* याचा आकडा. किती जणांची तालुक्याची फेरी वाचली, किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, हे त्यातून कळत नाही. वापराला फायदा म्हणून खपवणं हा आमच्या क्षेत्रातला रोजचा घोटाळा आहे, आणि तो बहुतेक वेळा कुणी मुद्दाम करत नाही. मोजायला सोपा आकडा हाताशी असतो, मग तोच पुढे जातो.

आता तेच ब्रिटिश पत्रक त्या वेळी माझ्याकडे मराठीत लिहायला आलं असतं, तर मी असं काहीसं लिहिलं असतं:

“मधुमेह, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या इंग्लंडमधल्या ३,२३० रुग्णांवर हा अभ्यास झाला. काहींना नेहमीचे उपचार आणि घरी मोजमापाचं यंत्र मिळालं, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. वर्षभरात रुग्णालयात भरती व्हावं लागलेले रुग्ण यंत्राविना १,०००पैकी ४८२ आणि यंत्रासह ४२९ होते. मृत्यू यंत्राविना १,०००पैकी ८३ आणि यंत्रासह ४६. यंत्र नसलेल्या गटात सुरुवातीला भरती वाढली होती, तिचं कारण नक्की नाही, त्यामुळे हा सगळा फरक यंत्राचाच असं म्हणता येत नाही. खर्चाचा आणि रुग्णांच्या जगण्याच्या दर्जात काय फरक पडला याचा अभ्यास अजून यायचा आहे. तोपर्यंत तुमचं औषध किंवा दवाखाना बदलू नका.”

पंचाऐंशीच्या आसपास शब्द आहेत. वर्तमानपत्राकडे पाठवलं तर उपसंपादक जागेच्या नावाखाली दोन वाक्यं काढायला सांगेल, आणि ती कोणती असतील तेही मला माहीत आहे: सुरुवातीला वाढलेल्या भरतीचं आणि खर्चाचं. अशा वेळी मी पहिलं वाक्य छोटं करून देते आणि ती दोन राहू द्या म्हणून भांडते. कधी राहतात, कधी नाही.